वाचकांचे प्रश्न: शिकाऊ उमेदवारांची नोंदणी आणि त्यांच्या वर्षाचे नियोजन

शिकाऊ उमेदवारांविषयी (अप्रेंटिसांविषयी) ठाणे, वागळे इस्टेट आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखानदारांकडून अलीकडे बरीच पत्रे आली. त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. चार पत्रे मालकांची आणि कार्यालयीन कर्मचाऱ्यांची आहेत. उरलेले एक पत्र एका आईचे आहे आणि ते मालकवर्गाने अवश्य वाचावे, म्हणून याच सदरात घेतले आहे.

प्रश्न: राबाळे एमआयडीसीत आमचा शीटमेटल फॅब्रिकेशनचा कारखाना आहे. आमच्या पटावर बावीस माणसे आहेत आणि ठेकेदाराची बारा माणसे रोज कामावर असतात. शिकाऊ उमेदवार घेणे आम्हाला बंधनकारक आहे का? असल्यास किती घ्यावे लागतील आणि नोंदणीची पद्धत कशी आहे? (एक उद्योजक, राबाळे)

होय, आपल्याला ते बंधनकारक आहे, आणि याला कारण ठेकेदाराची ती बारा माणसे आहेत. शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ सालचा असला, तरी त्याखालच्या नियमांत २०१९ साली जी दुरुस्ती झाली तिच्यानुसार तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने उमेदवार घेतलेच पाहिजेत, आणि ही तीसची मोजदाद करताना कंत्राटी माणसेही धरावी लागतात. आपली संख्या म्हणून चौतीस होते. एका आर्थिक वर्षात एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के उमेदवार घ्यावेत असा नियम आहे. चौतीसचे अडीच टक्के ०.८५ आणि पंधरा टक्के ५.१ होतात, म्हणजे आपल्याला कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त पाच उमेदवार घेता येतील. २०१४ च्या दुरुस्तीने या कायद्यातील कारावासाची शिक्षा काढून टाकली, पण उमेदवार कमी पडल्यास द्यावा लागणारा दंड कायम ठेवला.

आपण एकावर न थांबता दोन उमेदवार घ्यावेत, असे मी सुचवतो. एकटा मुलगा चौतीस माणसांत हरवतो आणि पंधरवड्यात सर्वांचा हेल्पर होऊन बसतो. दोघे असले, की आज काय शिकलो हे ते एकमेकांना विचारतात आणि न समजलेले विचारायला साहेबांकडे जोडीने येतात.

नोंदणी केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप इंडिया या पोर्टलवर होते. आस्थापनेचे नाव व पत्ता, पॅन, जीएसटी, भविष्य निर्वाह निधी किंवा उद्यम नोंदणीचा क्रमांक, कंत्राटी माणसांसह एकूण मनुष्यबळ आणि अधिकृत व्यक्तीचा मोबाइल व ईमेल एवढा तपशील हाताशी ठेवून बसावे. अधिकृत व्यक्ती म्हणून बाहेरच्या सल्लागाराचा मोबाइल क्रमांक कृपया देऊ नये. सल्लागार बदलला, की स्वतःच्याच खात्याचा ओटीपी मिळवण्यासाठी मालकाला त्याच्या दारी जावे लागते, आणि असे हेलपाटे घालणारे मालक मी पाहिले आहेत. नोंदणी झाल्यावर व्यवसाय, म्हणजे उमेदवार जे काम शिकणार तो ट्रेड, निवडायचा. वेल्डर, फिटर, शीटमेटल वर्कर हे सरकारने अभ्यासक्रमासह ठरवून दिलेले व्यवसाय आहेत. त्यांच्यात न बसणारे काम असेल, तर मालकाला स्वतः अभ्यासक्रम आखून ऐच्छिक व्यवसायाखाली उमेदवार घेता येतो. मग जागांची संख्या, ठिकाण आणि विद्यावेतन (उमेदवाराला दरमहा द्यायची रक्कम) लिहून संधी जाहीर करायची, आलेल्या अर्जांतून निवड करायची आणि निवडलेल्या उमेदवाराला पोर्टलवरूनच प्रस्ताव पाठवायचा. त्याने तो स्वीकारला, की करारनामा तयार होतो. उमेदवार अल्पवयीन असेल, तर त्याच्या वतीने पालकाची सही लागते. हा करार नोंदणीसाठी शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे जातो. आपल्यासारख्या एकाच राज्यातील कारखान्यासाठी तो राज्य शासनाचा अधिकारी असतो. ज्यांचे काम चार किंवा अधिक राज्यांत चालते, त्यांच्यासाठी मात्र केंद्र सरकारची यंत्रणा आहे.

मुलाला आधी कामावर आणून करार नंतर करू, असे मात्र चुकूनही करू नका. करार झाल्याशिवाय कोणालाही शिकाऊ उमेदवार म्हणून ठेवता येत नाही. करार नसलेला मुलगा यंत्रावर उभा असेल, तर तपासणीत तो साधा कामगार ठरतो, आणि त्याच्या बाबतीत किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी व राज्य विमा (ईएसआय) हे सर्व प्रश्न एकाच दिवशी उभे राहतात. आधार कार्ड, दहावीची गुणपत्रिका आणि बँकेचे खाते या तिन्हींवर मुलाचे नाव सारखे आहे का, हे निवडीच्या दिवशीच पाहून घ्यावे. वडिलांचे नाव एका कागदावर पूर्ण आणि दुसऱ्यावर आद्याक्षराने लिहिलेले असते, आणि तेवढ्यावरून काम अडून राहते.

प्रश्न: वागळे इस्टेटमध्ये आमचे छोटे मशीन शॉप आहे. दोन सीएनसी (संगणक-नियंत्रित) टर्निंग सेंटर, एक व्हीएमसी (उभे मशिनिंग सेंटर), तीन साधे लेथ आणि आम्ही नऊ माणसे. आयटीआय झालेला टर्नर किंवा मशिनिस्ट घ्यावा असे वाटते, पण आमच्याकडे प्रशिक्षण विभाग नाही, शिकवायला वेगळा माणूसही नाही. अशा ठिकाणी प्रशिक्षणाचा आराखडा तरी कसा करायचा? (एक भागीदार, वागळे इस्टेट, ठाणे)

आपण हा प्रश्न नोंदणी करण्याआधी विचारला, याचे मला फार समाधान वाटले. नोंदणीला चार-दोन दिवस लागतात, पण उमेदवार एक वर्ष आपल्याकडे असतो, आणि त्या वर्षाच्या प्रत्येक आठवड्यात त्याने काय शिकायचे हे कोणी ठरवलेले नसेल, तर करार कितीही निर्दोष असला तरी आपण एक स्वस्त हेल्पर नेमलेला असतो.

नियमांचे आधी सांगतो. चार ते एकोणतीस माणसांच्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणे ऐच्छिक आहे, त्यामुळे आपल्यावर सक्ती नाही. नऊ माणसांच्या पंधरा टक्क्यांप्रमाणे आपल्याला एक उमेदवार घेता येईल. आयटीआय उत्तीर्ण मुलाचे मूलभूत प्रशिक्षण संस्थेतच झालेले असते, म्हणून त्याला थेट कारखान्यातील प्रत्यक्ष प्रशिक्षणावर घेता येते आणि त्याची उमेदवारी साधारणपणे एक वर्षाची असते. कोणतेही प्रशिक्षण न घेतलेला नवखा मुलगा घेतला, तर आधी मूलभूत प्रशिक्षणाची सोय करावी लागेल. प्रशिक्षण विभाग नसलेल्या शॉपने पहिल्या खेपेला आयटीआय उत्तीर्ण मुलगा किंवा मुलगी घेणेच श्रेयस्कर आहे. शासकीय आयटीआय आपल्या वागळे इस्टेटमध्येच आहे. तेथील टर्नर आणि मशिनिस्ट व्यवसायांच्या निदेशकांना परीक्षेपूर्वी एकदा भेटा, म्हणजे कोणाचा हात बसला आहे ते गुणपत्रिकेपेक्षा अधिक खरे कळेल.

आता आराखडा. यासाठी संगणकाची किंवा बाहेरच्या सल्लागाराची गरज नाही. एका मोठ्या कागदावर डाव्या बाजूला आपल्या शॉपमध्ये प्रत्यक्ष होणारी कामे लिहा, वरच्या ओळीत वर्षाचे बावन्न आठवडे मांडा आणि प्रत्येक कामासमोर ते शिकवणाऱ्या माणसाचे नाव लिहा. नाव लिहिताना हात अडेल, आणि तो अडलाच पाहिजे. कायद्याने मालकावर टाकलेली पहिली जबाबदारी हीच आहे की उमेदवाराला त्या व्यवसायाचे प्रशिक्षण मिळावे, आणि मालकाची स्वतःची त्या व्यवसायातली पात्रता नसेल तर पात्र माणसाकडे ते काम सोपवावे. आपल्या शॉपमध्ये सेटिंग करणारा जो जुना माणूस असेल, ज्याला मुले उस्ताद म्हणतात, त्याला आधी विश्वासात घ्या. माझी विद्या घेऊन हा मुलगा माझीच जागा घेईल, अशी भीती त्याच्या मनात असते आणि ती तो बोलून दाखवत नाही. त्याला शिकवण्यासाठी रोज अर्धा तास मोकळा द्या, त्या अर्ध्या तासाचे उत्पादन त्याच्या खात्यात कमी धरू नका आणि शक्य असेल तर दरमहा शिकवण्याचा वेगळा भत्ता द्या. यापेक्षा कमी खर्चाचा प्रशिक्षण विभाग मला माहीत नाही.

वर्षाची सुरुवात यंत्रापासून करू नये. पहिले दोन आठवडे सुरक्षितता आणि मापन यांनाच द्यावेत. फिरत्या चकजवळ (घडवायचा भाग पकडणाऱ्या जबड्यांजवळ) हातमोजे घालायचे नाहीत, बर (कापलेल्या धातूची कात) हाताने ओढायची नाही, गार्ड उघडा ठेवून सायकल सुरू करायची नाही आणि आणीबाणीचे लाल बटण कोठे आहे, हे प्रत्येक यंत्रासमोर उभे करून दाखवावे. व्हर्नियर आणि मायक्रोमीटर मुलाने आयटीआयमध्ये हाताळलेले असतात, पण दोन शतांश मिलिमीटरचा टॉलरन्स (मापातली मान्य तफावत) असलेला ग्राहकाचा जॉब (घडवलेला भाग) हातात घेऊन त्याने कधी निर्णय दिलेला नसतो. म्हणून आपल्याकडे नापास झालेले दहा-बारा जॉब एका पेटीत जपून ठेवा, आणि हे का नापास झाले ते ड्रॉइंग पाहून सांग, असे त्याला म्हणा. माझ्या अनुभवात या पेटीने जेवढे शिकवले तेवढे कोणत्याही पुस्तकाने शिकवले नाही.

त्यानंतर दहा-बारा आठवडे साध्या लेथवर द्यावेत. सीएनसीच्या काळात साधा लेथ कशाला, असे अनेक मालक विचारतात. कापताना धातू कसा बोलतो, टूल घासले की आवाज कसा बदलतो, कापाची खोली वाढवली की जॉब कसा थरथरतो, हे काचेच्या बंद दारामागे कळत नाही. ज्याला साध्या लेथवर हे कळले, त्याला पुढे ऑफसेटचा (टूलच्या स्थितीतल्या दुरुस्तीचा) आकडा का बदलायचा हेही कळते. नाहीतर तो केवळ कोणते बटण कधी दाबायचे ते पाठ करतो. मग सीएनसीवर आधी लोडिंग-अनलोडिंग आणि तपासणी, त्यानंतर टूल बदलणे व ऑफसेट देणे, मग सेटिंग आणि फर्स्ट पीस (तपासणीसाठीचा पहिला नग), आणि शेवटच्या तिमाहीत छोटा प्रोग्रॅम वाचून त्यात बदल करणे, असा क्रम ठेवावा. लोडिंगचा काळ कागदावर ठरवून टाका आणि तो सहा आठवड्यांपलीकडे जाऊ देऊ नका, कारण गाडी अडते ती नेमकी येथेच.

येथे माझी एक चूक सांगणे मला आवश्यक वाटते. या पट्ट्यातल्या एका कारखान्यात प्रशिक्षणाचे काम माझ्याकडे असताना, एका मोठ्या मागणीची तारीख गाठण्यासाठी मी एका हुशार उमेदवाराला ड्रिलिंगवर उभे केले आणि पंधरा दिवसांत हलवू असे म्हणालो. तो तेथे सात महिने राहिला, कारण त्याचा हात चांगला बसला होता आणि उत्पादन विभाग त्याला सोडायला तयार नव्हता. परीक्षेत चार जबड्यांच्या चकमध्ये जॉब मध्यावर आणण्याचे साधे काम त्याला जमले नाही. त्याने मला एका शब्दाने दोष दिला नाही, आणि तेच मला अधिक लागले. तेव्हापासून आराखड्याचा कागद मी माझ्या टेबलाच्या खणात न ठेवता शॉपच्या भिंतीवर, उमेदवाराला वाचता येईल अशा उंचीवर लावत आलो. तारीख उलटली, की तो स्वतः येऊन विचारतो, आणि त्याला तसे विचारता आले पाहिजे.

आपल्याकडे होत नसलेली कामेही अभ्यासक्रमात असतील. ग्राइंडिंग किंवा हीट ट्रीटमेंट आपण बाहेरून करून घेत असाल. अनेक मालकांनी एकत्र येऊन, उमेदवाराला आळीपाळीने आपापल्या आस्थापनांत पाठवून प्रशिक्षण द्यावे, अशी सोय कायद्यात केलेली आहे. वागळे इस्टेटमध्ये एका गल्लीत पाच व्यवसायांची पाच शॉप असतात, त्यामुळे ही सोय जणू आपल्यासाठीच लिहिलेली आहे. मात्र असे पाठवण्याआधी ते आराखड्यात लिहा आणि शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या कार्यालयाला कळवा, कारण शेजारच्या शॉपमध्ये अपघात झाला तर पहिला प्रश्न हाच निघेल की तो मुलगा तेथे कसा होता.

आराखड्याबरोबर एक नोंदवही ठेवावी. आज कोणता जॉब केला, कोणती चूक झाली आणि ती कोणी दुरुस्त करून दाखवली, अशा तीन ओळी उमेदवाराने रोज मराठीत लिहाव्यात आणि शनिवारी उस्तादाने वाचून सही करावी. प्रगतीच्या नोंदी ठेवणे ही मालकाची कायदेशीर जबाबदारी आहेच, पण अंतिम परीक्षेच्या वेळी ही वही मुलाच्या फार उपयोगी पडते. पाळ्यांचाही विचार करावा. शहापूर, मुरबाड, कसारा येथून येणाऱ्या मुलाला सकाळी सातच्या पाळीसाठी पहाटे कोणती गाडी पकडावी लागेल हे वेळापत्रकात पाहिल्याशिवाय पाळी ठरवू नये. झोप न झालेला मुलगा यंत्रासमोर उभा करणे धोक्याचे आहे.

प्रश्न: मी तुर्भे येथील एका रासायनिक कंपनीत हिशेब पाहते. आम्ही यंदा केमिकल प्लांट ऑपरेटरच्या व्यवसायात तीन आयटीआय उमेदवार घेणार आहोत. विद्यावेतन किती द्यायचे, सरकारकडून किती मिळते, आणि भविष्य निर्वाह निधी कापायचा का? (लेखापाल, तुर्भे)

२०१९ च्या नियमांनी आयटीआय उत्तीर्ण उमेदवाराला पहिल्या वर्षी दरमहा किमान ७,००० रुपये, पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला ९,००० रुपये असे विद्यावेतन ठरवले. दुसऱ्या वर्षी त्यात दहा टक्के वाढ द्यायची असते. केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने मे २०२५ मध्ये हे दर ३६ टक्क्यांनी वाढवण्याची शिफारस केली असल्याने, करार करण्याच्या दिवशी पोर्टलवर जो दर लागू असेल तोच धरावा. हे किमान दर आहेत, अधिक देण्यास कोणतीही आडकाठी नाही, आणि नवी मुंबईतले खोलीभाडे पाहता अधिक द्यावे असे माझे स्पष्ट मत आहे.

राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत सरकार विद्यावेतनाचा पंचवीस टक्के हिस्सा उचलते, पण दरमहा १,५०० रुपयांच्या मर्यादेत. ७,००० रुपयांचे पंचवीस टक्के १,७५० होत असले तरी मिळणार १,५०० रुपयेच. ही रक्कम २०२३ पासून थेट उमेदवाराच्या आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होते, त्यामुळे आपल्या हिशेबात ती परतावा म्हणून दाखवू नये. आपला हिस्सा दिल्याची नोंद पोर्टलवर दर महिन्याला वेळेवर झाली नाही, तर सरकारचा हिस्सा रखडतो आणि झळ त्या मुलाला बसते. विद्यावेतन पुढच्या महिन्याच्या दहा तारखेच्या आत द्यायचे असते.

नोंदणीकृत करार असलेला शिकाऊ उमेदवार कायद्याने प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नसतो, म्हणून त्याचा भविष्य निर्वाह निधी कापायचा नाही आणि राज्य विम्याची वर्गणीही भरायची नाही. याचा दुसरा अर्थ नीट ध्यानात घ्यावा: राज्य विम्याचे छत्र त्याच्यावर नाही, आणि प्रशिक्षणात अपघात झाला तर नुकसानभरपाईची जबाबदारी कायद्याने मालकावरच येते. म्हणून पहिल्या दिवसापासून त्याचा स्वतंत्र अपघात विमा उतरवा. कारखान्यांसाठीच्या आरोग्य, सुरक्षा आणि कल्याणाच्या कायदेशीर तरतुदी त्याला कामगाराप्रमाणेच लागू होतात. रासायनिक प्लांटच्या बाबतीत आणखी एक अट अशी की धोकादायक उद्योगांत उमेदवाराचे वय किमान अठरा असले पाहिजे. जन्मतारखेचा पुरावा फाइलमध्ये लावल्याशिवाय प्रस्ताव पाठवू नका.

प्रश्न: माझा मुलगा आयटीआय फिटर आहे. नवी मुंबईतील एका कंपनीत तो पाच महिन्यांपासून अप्रेंटिस आहे. सुरुवातीपासून त्याला फक्त पॅकिंगला बसवतात आणि रोज दोन तास जास्त थांबवतात. बोललो तर काढून टाकतील म्हणून तो गप्प आहे. आम्ही काय करावे? (एक आई, कळवा)

ताई, आपला मुलगा गप्प बसला यात त्याचा काही दोष नाही. प्रथम त्याच्याकडे करारनाम्याची प्रत आहे का ते पाहा. नसेल, तर पोर्टलवरील त्याच्या स्वतःच्या खात्यातून ती काढून घ्या. करारात फिटर हा व्यवसाय लिहिलेला असेल, तर पाच महिने पॅकिंग करून घेणे हा कराराचा भंग आहे. शिकाऊ उमेदवाराला जादा वेळ थांबवायचे असेल, तर त्यासाठी शिकाऊ उमेदवारी सल्लागाराची संमती लागते, मालकाला ते स्वतःच्या मर्जीने करता येत नाही.

मुलाने आजपासून तारखेनिहाय लिहून ठेवावे: कोणते काम केले, किती वाजता सोडले. त्याने आधी कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला लेखी अर्ज द्यावा, त्यात तक्रारीचा सूर न ठेवता अभ्यासक्रमातील कोणती कामे अद्याप शिकवलेली नाहीत ते लिहावे, आणि पोच घ्यावी. पुष्कळदा सुपरवायझर काय करतो हे वरच्यांना ठाऊकच नसते आणि एवढ्याने मार्ग निघतो. पंधरवड्यात बदल झाला नाही, तर तो वाद कायद्यानुसार सल्लागाराकडे निर्णयासाठी नेता येतो. त्याने आयटीआयच्या आपल्या निदेशकांनाही भेटावे, त्यांना सल्लागार कार्यालयाची पद्धत माहीत असते. मुलाने रागाच्या भरात काम सोडून घरी बसू नये, कारण करार उमेदवाराकडून मोडला तर प्रशिक्षणाच्या खर्चाचा प्रश्न त्याच्यावर उलटू शकतो.

मालकमंडळींना माझी कळकळीची विनंती आहे की त्यांनी हे पत्र आपल्या सुपरवायझरांना वाचून दाखवावे.

प्रश्न: आमचे महापे येथे सॉफ्टवेअर आणि लेखासेवांचे कार्यालय आहे. बी.कॉम. झालेल्या मुलांना शिकाऊ उमेदवार म्हणून घेता येते का? मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना हीच का? आणि वर्ष संपल्यावर त्यांना नोकरी द्यावीच लागते का? (व्यवस्थापक, महापे)

पदवीधर उमेदवार घेता येतात, आणि त्यांची पदवी अभियांत्रिकीचीच असली पाहिजे असे नाही. पदवीधर व पदविकाधारकांसाठी शिक्षण मंत्रालयाची राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण योजना आहे. तिचे पोर्टल वेगळे आहे आणि ती राबवणारे पश्चिम विभागाचे मंडळ मुंबईत आहे. त्या योजनेतील किमान विद्यावेतनाचा निम्मा भार सरकार उचलते. दोन्ही पोर्टलांवर एकाच मुलाची नोंद होणार नाही याची काळजी घ्या.

राज्य शासनाची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ साली सुरू झाली आणि ती या कायद्यापासून स्वतंत्र आहे. तिच्याखाली आलेला प्रशिक्षणार्थी आपल्या अडीच टक्क्यांच्या हिशेबात धरता येत नाही.

नोकरी देण्याची सक्ती कायद्यात नाही. प्रशिक्षण पूर्ण केलेल्यांना सामावून घेण्याचे धोरण प्रत्येक मालकाने स्वतः आखायचे आहे. ते धोरण लेखी करा आणि मुलाखतीच्या वेळीच उमेदवाराला सांगा. जागा नसेल तर तसेही स्पष्ट सांगा, म्हणजे अकराव्या महिन्यात तो दुसरीकडे अर्ज करू शकेल आणि त्या मुलाखतीसाठी आपण त्याला एक दिवसाची रजा देऊ शकाल.